नंतरचं ते खरं

काललेखन प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात तो संगणक ठेवला होता. चार प्रकाशवर्षं जाऊन परत आलेली वस्तू म्हणून त्याच्याकडे आदराने पाहायला जावं, तर झाकणावर हळदीचा डाग आणि एका कोपऱ्याला चिकटपट्टी. दिगंबर वाकचौरेने काचेजवळ जाऊन आधी तो डागच शोधला. डाग होता तिथेच होता.

'दूरगामी' यान उतरून बारा दिवस झाले होते. सात माणसं गेली होती, सहा परत आली. सातवी म्हणजे यानाची कालमापक आणि दिगंबरची बायको वैजयंती. उतरायला चाळीस दिवस उरले असताना ती रक्ताच्या आजाराने यानातच गेली. यानाच्या इंजिनाचा झोत इतका प्रखर, की त्यातून रेडिओसंदेश आरपार जात नसत. त्यामुळे दहा वर्षांत तिचा एक शब्द घरी आला नव्हता, आणि ती गेल्याची बातमीसुद्धा यानाबरोबरच उतरली. दिगंबर तळावर शेवग्याच्या शेंगांच्या आमटीचा डबा घेऊन गेला होता. तो डबा त्याने तसाच परत आणला.

"बसा ना दादा," डॉ. अबोली पठारे म्हणाली. आज ती प्रयोगशाळेची प्रमुख होती, पण घड्याळं जुळवायला शिकली होती ती वैजयंतीच्या हाताखाली, आणि संगमनेरच्या त्यांच्या घरी हक्काने जेवून जायची. "केवढे वाळलात. जेवता ना?"

"जेवतो की. हा घरी कधी न्यायचा ते सांग."

"तेच बोलायला बोलावलं. यातलं सगळं आम्ही वाचून घेतलं. मोजमापं, नोंदी, अगदी ताईंनी लिहून ठेवलेली पुरणाची प्रमाणंसुद्धा. एक कप्पा तेवढा उघडत नाही. त्याचं नाव 'ओटा' आहे."

"नाहीच उघडणार," दिगंबर म्हणाला. "त्याचं कुलूप मी केलंय."

लग्न झालं तेव्हा दिगंबर दूध संघात संगणकाचं काम बघायचा, आणि संघ पहाटे चारला जागा व्हायचा. वैजयंतीची पाळी रात्रीची, कारण घड्याळं ताऱ्यांशी जुळवायची तर तारे दिसायला हवेत. एक घरात शिरायचं तेव्हा दुसरं बाहेर पडलेलं असायचं. मग संसार चालला तो ओट्यावर ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर. 'दूध वर ठेवलंय.' 'तुझ्या आईचा फोन होता, रागावल्यात.' 'दाराला नुसती कडी आहे, जेवून घे.' 'कोथिंबीर आणलीस ती मेथी आहे.' चिठ्ठ्या ओट्यावर भिजायच्या, एकदा तर एक पोळीला चिकटून दिगंबरच्या डब्यात गेली. तेव्हा वैतागून त्याने दोन खोल्यांतले दोन संगणक घरातल्या घरात तारेने जोडले आणि दोघांचा मिळून एक सामायिक कप्पा केला. इकडे लिहिलं की तिकडे आपोआप उमटायचं. कप्प्याला नाव दिलं 'ओटा', आणि नियमही ओट्यावरचाच राहिला. समोरच्याचं वाचलं की पुसायचं आणि आपलं लिहायचं. कप्प्यात कायम एकच चिठ्ठी.

मनातलं तोंडाने बोलणं दोघांनाही कधी जमलं नाही. भांडणं, समजुती, मूल न झाल्याचं दुःख, सगळं त्या कप्प्यातून आलं आणि गेलं. घरी येणाऱ्या पाहुण्यांना वाटे, काय शांत जोडपं आहे.

"तुमची ही मेळणी नेमकी कशी चालते?" अबोलीने विचारलं. दोन संगणकांतलं लिखाण सारखं करून घेण्याच्या कामाला दिगंबरने पूर्वीच हे नाव दिलं होतं.

"साधी आहे. अर्ध्या दिवसात लिहिलेला प्रोग्राम. ज्याचा कप्पा त्याच्याच बोटाने उघडतो; ते बोट नसेल, तर दोन्ही संगणक घरच्या जाळ्यावर एकमेकांना दिसले की कुलूप उघडतं. किल्ली अर्धी याच्यात आहे, अर्धी माझ्याकडच्यात. मग दोन्ही कप्प्यांचे ठसे काढायचे. ठसा म्हणजे आतल्या अक्षर न् अक्षराचं गणित करून येणारा आकडा. ठसे जुळले तर काही करायचं नाही, उगाच तारेला शीण कशाला. नाही जुळले तर कोणत्या कप्प्यावरची कालमुद्रा नंतरची ते बघायचं. नंतरचं ते खरं. ती प्रत दुसरीवर चढवायची."

"आणि जुनी?"

"जुनी जाते. वाचलं की पुसायचं, असाच नियम होता ना आमचा. दोन खोल्यांसाठी केलेला प्रोग्राम आहे, अबोली. कोणी आधी लिहिलं आणि कोणी नंतर, एवढाच प्रश्न होता."

"दादा, ही कालमुद्रा येते कुठून?"

"संगणकातल्या घड्याळातून," दिगंबर म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला. आयुष्य संगणकात गेलेल्या माणसाला ही गोष्ट बारा दिवस सुचली नव्हती.

कागदपत्रांच्या तारखा कोणी फिरवू नयेत म्हणून त्या काळी प्रत्येक संगणकात कारखान्यातच सीलबंद केलेलं घड्याळ असे. त्याला कोणी पुढेमागे करायला गेलं, की संगणक आपल्या सगळ्या किल्ल्या नष्ट करून टाकी. फसवणूक थांबली होती हे खरं. पण ज्यांना फसवायचं नव्हतं, तेही त्यात अडकत.

अबोलीने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "तुम्हाला ठाऊकच आहे, तरी एकदा सांगते. यान प्रकाशाच्या चार-पंचमांश वेगाने गेलं. त्या वेगाला कालविस्तार होतो. इथे पाच वर्षं जातात तेव्हा यानात तीन. घड्याळ बिघडतं म्हणून नाही, तिथला काळच सावकाश चालतो. नखं वाढतात तीही त्याच हिशेबाने. तुमची दहा वर्षं झाली, ताईंची सहा. या संगणकाचं घड्याळ आपल्यापेक्षा चार वर्षं मागे आहे, आणि ते बरोबर आहे, म्हणून दुरुस्तही करता येत नाही."

"तिने शेवटचं कधी लिहिलं?"

"कप्पा उघडला नाही तरी मुद्रा बाहेरून वाचता येते. उतरायच्या एक्केचाळीस दिवस आधी. म्हणजे जायच्या आदल्या दिवशी." अबोलीने मान खाली घातली. "तुम्ही घरच्या संगणकावर शेवटचं कधी लिहिलंत?"

"आज सकाळी."

"आणि त्याआधी?"

"काल सकाळी. रोज लिहितो. चारला जाग येते, मग पहिलं काम ते. दहा वर्षांत एक दिवस चुकवला नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही चाचपडत लिहिलं."

"बातमी कळल्यानंतरही?"

"हात जातो."

"काय लिहिता?"

"काही नाही गं. घरातलंच."

अबोलीला पुढचं बोलणं जड गेलं, पण बोलावं लागलं. "मग दोन्ही जोडले की त्याच क्षणी तुमची प्रत नंतरची ठरेल. ताईंनी लिहिलेलं पडद्यावर यायच्या आधीच पुसलं जाईल. तुम्ही पाच वर्षांपूर्वी कंटाळून लिहायचं सोडलं असतंत ना, तर त्यांचं टिकलं असतं."

दिगंबर काचेकडे बघत बसला. विसरून गेलेल्या नवऱ्याला बायकोची चिठ्ठी मिळाली असती, आणि आठवण काढणाऱ्याने ती रोज सकाळी चारला उठून आपल्या हाताने पुसायची सोय केली होती. त्याला स्वतःच्या बोटांचा राग आला.

"मी माझं सगळं पुसून टाकतो."

"पुसणं हेही लिहिणंच. त्यावर आजची मुद्रा पडेल."

"प्रोग्राम बदलतो मग."

"बदललेल्या प्रोग्रामला ताईंचा संगणक ओळखच देणार नाही. तशी सोय तुम्हीच केलीय."

"तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत. कुलूप फोडा."

"हिशेब करून पाहिला. साठ वर्षं लागतील. एवढं पक्कं कुलूप केलंत कशाला?"

"माझी बहीण सुट्टीत राहायला यायची," दिगंबर म्हणाला. "तिला सगळ्यांचं वाचायची सवय."

दोघंही किंचित हसली. मग तो म्हणाला, "जोडतच नाही तर. बंद का होईना, आत काहीतरी आहे एवढं तरी राहील."

"तेही होणार नाही. त्या सीलबंद घड्याळाचा सेल संपत आलाय. फार तर पाच दिवस. तो बाहेरून बदलता येत नाही. घड्याळ थांबलं की यातली अर्धी किल्ली गेली."

तिने वैजयंतीचा निरोप पुन्हा लावला. यानावर ध्वनिमुद्रित केलेला, जेमतेम दोन मिनिटांचा. दिगंबरने तो बारा दिवसांत इतक्या वेळा ऐकला होता, की कुठे तिला धाप लागते तेही त्याला पाठ झालं होतं. पुस्तकं वाचनालयाला दे. आईचं घड्याळ अबोलीला. माझा संगणक घरी नेऊन जोड. घाबरू नकोस.

"हेच मला कळत नाही," अबोली म्हणाली. "ताई कालमापक होत्या. घड्याळ किती मागे पडणार हे कोणाहीपेक्षा आधी त्यांना ठाऊक. मेळणीचा नियमही ठाऊक. तरी जोड म्हणतात."

"तिला वाटलं असेल, मी लिहायचा थांबलो असेन," दिगंबर म्हणाला. चिठ्ठी जाणार हे दुःख होतंच, पण तिने आपल्याला असं धरलं असेल हे त्याहून मोठं होतं.

कारण जायच्या दिवशी त्याने ओट्यावर एक प्रश्न ठेवला होता. 'तुझी सहा वर्षं होतील आणि माझी दहा. त्या जास्तीच्या चार वर्षांतला मी तुला ओळखू येईन का?' पलीकडच्या खोलीत तिने तो वाचला, फोडणीच्या हाताने संगणकाचं झाकण मिटलं, त्यावर डाग पडला म्हणून चुकचुकली आणि पिशवी उचलली. दारात चपला घालताना म्हणाली, "उत्तर सवडीने देते." ते उत्तर त्या कप्प्यात होतं. दहा वर्षं तो त्याचीच वाट बघत होता.

रात्री घरी गेलेला दिगंबर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा प्रयोगशाळेत आला, आणि दुपारी अबोलीच्या गाडीतून दोघं संगमनेरला आली. संगणक वाटभर दिगंबरच्या मांडीवर होता. घराच्या दाराला कुलूप नव्हतं. त्याने नुसती कडी काढली.

"काल दिवसभर तुम्ही माझ्याकडे होतात आणि घर असं उघडं?"

"असंच असतं. शेजारचे तांबोळीचाचा म्हणतात, चोर आला तर बिचारा आपलंच काहीतरी ठेवून जाईल."

आतल्या खोलीत वैजयंतीचं टेबल तसंच होतं, आणि त्यावर तारेचं मोकळं टोक. त्या टोकावर धूळ नव्हती. दिगंबरने चहा केला, कप विसळून ठेवले, पुन्हा एकदा विसळले. अबोलीने घाई केली नाही. शेवटी तो म्हणाला, "पुसलं जायचं तर निदान घरात जाऊ दे. तिथे त्या काचेत नको." आणि त्याने तार जोडली.

मग आपल्या खोलीत येऊन तो आपल्या संगणकासमोर बसला. प्रोग्राम त्यानेच लिहिलेला, तेव्हा पडद्यावर कोणती ओळ कोणत्या ओळीनंतर येणार हे त्याला सांगायला नको होतं.

'दुसरा संगणक दिसला.'

ही ओळ त्याने दहा वर्षांत पाहिली नव्हती. तिच्याकडेच पाहत राहावं असं त्याला वाटलं.

'कुलूप उघडलं.'

'ठसे जुळवून पाहतो आहे.'

यानंतरची ओळ होती, 'नंतरची प्रत चढवतो आहे.' दिगंबरने डोळे मिटून घेतले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"दादा," अबोली म्हणाली. "बघा तर."

पडद्यावर लिहिलं होतं, 'फरक नाही.'

"बिघडला," दिगंबर म्हणाला. "जुना झालाय प्रोग्राम. किंवा तिने काही लिहिलंच नसेल. जाताना होतं तेच..."

"जाताना होता तो तुमचा प्रश्न. तो तुम्ही केव्हाच बदललात ना? मग तरीही फरक आला असता." अबोली पलीकडच्या खोलीत गेली आणि तिथून एक एक गोष्ट वाचून सांगू लागली. "इथली मुद्रा तीच आहे, उतरायच्या एक्केचाळीस दिवस आधीची. बदललेली नाही. म्हणजे इथे काही चढलेलं नाही. कप्प्यात किती वेळा लिहिलं गेलं त्याचा आकडा आहे, दोन हजार एकशे पन्नास." ती थांबली. तिने मनात गुणाकार केला असावा. "यानातले तेवढेच दिवस होतात, दादा. ताईंनीही रोज लिहिलंय. रोज पुसून रोज लिहिलंय."

"शेवटचं काय आहे?"

"दाराला नुसती कडी आहे, जेवून घे."

दिगंबरने आपला कप्पा उघडला. त्याने आदल्या पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी लिहिलेलं तिथे तसंच होतं, कारण त्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच त्याचा हात धजावला नव्हता. दाराला नुसती कडी आहे, जेवून घे.

अबोली त्याच्यामागे येऊन उभी राहिली. तिने ती ओळही वाचली.

"पहिली दोन वर्षं मी पानंच्या पानं लिहायचो," दिगंबर सांगू लागला. "तक्रारीच जास्त. गेलीस ती गेलीस, असल्या. मग डोळ्यांचं दुखणं लिहिलं, तांबोळीचाचांच्या नातवाचं लग्न लिहिलं. सहा वर्षं झाली तशी एक दिवस हिशेब केला, की तिचा प्रवास आता तिच्या घड्याळाने संपत आला असता. यापुढची चार वर्षं माझ्या एकट्याची. तेव्हापासून दुसरं काही सुचेना. रोज पुसायचो आणि रोज हेच लिहायचो. हे कोणाला सांगितलेलं नाही. तिला कळायचं काही कारणच नव्हतं."

"कारण होतं," अबोली म्हणाली. तिचा आवाज प्रयोगशाळेतला राहिला नव्हता, पण मांडणी तीच होती. "तुम्ही लिहायचे थांबणार नाही हे ताईंनी धरलं होतं. उलट तेच पक्कं धरलं होतं. मग त्यांनी काहीही लिहिलं तरी ते पुसलं जाणार. मागे पडलेल्या घड्याळाची एकच चिठ्ठी टिकू शकते, ती म्हणजे जिच्यात आणि तुमच्या चिठ्ठीत एका अक्षराचा फरक नाही. तुमच्या प्रोग्रामात तेवढी एकच फट होती, आणि त्यांनी ती शोधली. त्यांना काय सांगायचंय ते लिहून उपयोग नव्हता. दहा वर्षांनंतरचे तुम्ही काय लिहाल, तेच लिहायला हवं होतं."

"आणि चुकली असती तर?"

"तर काहीच उरलं नसतं. म्हणून तर शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहिली असेल."

दिगंबर रडला. तेरा दिवसांत तो पहिल्यांदाच रडला. रडता रडता म्हणाला, "सवडीने देते म्हणाली होती."

संध्याकाळी निघताना अबोलीने व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगितल्या. कुलूप एकदा उघडलं, आता ते पुन्हा लागणार नाही, तेव्हा सेल संपला तरी चिंता नाही. मात्र दोघांपैकी कुठेही एक अक्षर लिहिलं तर फरक पडेल, आणि नंतरचं ते खरं होईल. "तार काढून ठेवा," ती म्हणाली. "मग तुमच्याकडे हवं ते लिहा. ताईंचं तिकडे सुरक्षित."

"तार नाही काढणार," दिगंबर म्हणाला. तिने आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला त्याला जाग आली. सवयीने तो खुर्चीत बसला, कप्पा उघडला आणि पुसायला हात पुढे केला. बोटं कळफलकावर टेकली होती. दहा वर्षं जो दिवस चुकला नव्हता तो आता रोज चुकवायचा होता, आणि वाचलं की पुसायचं हा लग्नापासूनचा नियमही मोडायचा होता. त्याने हात मागे घेतला.

मग त्याने ती ओळ पुन्हा वाचली. चार वर्षं तो ती तिला लिहीत आला होता. या वेळी ती त्याला आलेली होती. तो उठला, ओट्याशी गेला, झाकून ठेवलेली रात्रीची भाकरी ताटात घेतली, वर थोडं तेल-तिखट घेतलं आणि खाली बसून पोटभर जेवला.